लडाखच्या उसन्या गोवऱ्या

गिरिजाबाईंनी पोतं टेबलासमोर टेकवलं आणि पदरानं तोंड पुसलं. जुन्या जालन्यात, आडत दुकानांच्या गर्दीत, ट्रान्सपोर्टची ती कचेरी म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा आणि मागं छतापर्यंत रचलेले खोके. टेबलामागच्या माणसानं वर न बघताच विचारलं, "काय माल हाय?"

"गोवऱ्या."

त्यानं मान वर केली. "कुठं धाडायच्या?"

"लडाखला."

माणूस भला होता. हसला नाही, निदान लगेच तरी नाही. आधी त्यानं पोत्याचं तोंड उघडून आत खरोखरच गोवऱ्या आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग मागच्या खोलीतल्या दोघांना हाक मारली. ते दोघं आल्यावर मात्र तिघांनाही हसू आवरेना. गिरिजाबाईंची सून मोनाली दारातच उभी होती. आपण या बाईला ओळखतच नाही असं दाखवता आलं असतं तर तिनं ते आनंदानं दाखवलं असतं.

"हसायला काय झालं?" गिरिजाबाई म्हणाल्या. "मिरच्या धाडता, कापड धाडता, मंग गोवऱ्यांनीच काय घोडं मारलं?"

"आमचं काही न्हाई आजी," तो माणूस डोळे पुसत म्हणाला. "पण दिवाळी होऊन गेली. तिकडचे रस्ते बरफानं बंद होऊन राह्यले. आता ट्रक निघाला तरी वाटंतच अडकून पडंल. तुमचा माल पोचंल तो उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात घेऊन तिनं काय करायचं?"

पोतं पुन्हा रिक्षात चढलं, रिक्षातून एसटीत, आणि एसटीतून वाटूरला घरी. कंडक्टरनं पोत्याबद्दल काही विचारलं नाही. गिरिजाबाईंचा चेहरा बघून कुणीच काही विचारलं नसतं.

ती म्हणजे डोलकर. ही कोण, तर लडाखात लेहच्याही पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा गावात राहणारी, पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना घरात ठेवून घ्यायची, रांधून घालायची, त्यावर तिचं चालायचं. वाटूरच्या बुद्धविहारातली मंडळी दरवर्षी कुठं ना कुठं दर्शनाला जातात. बोधगया झालं, कुशीनगर झालं, सांची झालं. गेल्या ऑगस्टमध्ये ठरलं, लडाखचे मठ बघायचे. गिरिजाबाईंचा मुलगा राजानंद अंबडला शाळेवर मास्तर. त्यानं आईला छातीठोकपणे सांगितलं होतं, "माय, तिथं पाऊस पडत न्हाई. तो वाळवंटच हाय, फक्त थंड. छत्र्या काहून वागवता उगीच?" मास्तरचा शब्द, म्हणून पंधरा-सोळा माणसांच्या छत्र्या घरी खुंटीला राहिल्या.

आधीचे दिवस खरोखर तसेच गेले. एवढं निळं आभाळ गिरिजाबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. मठातल्या अंधाऱ्या दालनात भिंतभर बुद्धाची चित्रं होती, शेकडो वर्षांची, आणि रंग असे की आत्ताच कुणी कुंचला धुवायला बाहेर गेलाय. गिरिजाबाई तिथं किती वेळ बसल्या त्याचं त्यांनाही भान राहिलं नाही. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं, त्याच्यापुढं इतक्या लांब येऊन आपण बसलो, या एका गोष्टीनं त्यांना भरून आलं. मात्र एका कोपऱ्यात चित्रावरून चिखलाचे ओघळ आले होते. तिथला भिक्खू म्हणाला, पूर्वी असं नव्हतं, आता पाऊस येतो आणि छतातून माती घेऊन उतरतो.

मंडळी डोलकरच्या घरी मुक्कामाला होती, आणि तो पाऊस त्याच रात्री तिच्या गावात आला.

डोलकरचं घर मातीचं, छतही मातीचं. लाकडाच्या दांड्या, वर फांद्या, त्यावर माती. गिरिजाबाई बघताच म्हणाल्या होत्या, "अगं मोनाली, हे तर आपलं माळवद!" पण आपलं माळवद पावसाची ओळख ठेवून बांधलेलं असतं, त्याला उतार असतो, पाणी जायला वाट असते. डोलकरचं छत बर्फाला सरावलेलं. बर्फ झाडून टाकता येतो, पाऊस झाडता येत नाही. पहाटेपर्यंत पाहुण्यांच्या गाद्यांवर चिखलाचं पाणी ठिबकू लागलं. माणसांना झोपता येईल अशी एकच खोली कोरडी होती, देवघराची. डोलकरनं सगळ्यांच्या गाद्या तिथं बुद्धाच्या मूर्तीपुढं नेऊन टाकल्या आणि स्वतः म्हाताऱ्या सासूला घेऊन स्वयंपाकघरात राहिली, तिथं दोन ठिकाणी गळत असताना. पुढचा रस्ता वाहून गेला होता आणि मागचा दरडीखाली गेला होता. पाऊस दिवसामागून दिवस थांबायचं नाव घेईना.

अशा वेळी गिरिजाबाईंनी जे केलं, ते वाटूरची कुठलीही बाई करील. त्यांना परक्याच्या घरात बसून खाणं जमेना. भल्या पहाटे उठून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मधोमध असलेल्या त्या लोखंडी चुलीचा ताबा घेतला. एवढ्या माणसांचे भिजलेले कपडे, मोजे, शाली वाळायच्या होत्या. कुणाला कढत पाणी हवं, कुणाच्या छातीत कफ. जळण म्हणून डोलकर मागच्या खोलीतून वाळलेलं शेण टोपलीभर आणून द्यायची. गिरिजाबाईंना तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. शेण म्हणजे गोवरीच की! वाटुरात गोवऱ्या कोण मोजतं? त्यांनी मोकळ्या हातानं चूल पेटती ठेवली, दिवसा ठेवली, रात्री ठेवली. टोपली सरली की त्या हाक मारायच्या, "डोलकर, और लाव!" आणि डोलकर आणायची. हसून आणायची. एकदाही तिनं हात आखडता घेतला नाही.

रस्ता उघडला आणि मंडळी गाडीत बसली, तेव्हा गिरिजाबाई सगळ्यांना सांगत होत्या की आपण वाचलो ते त्या चुलीमुळं. ड्रायव्हर तिथलाच होता. तो आरशात बघून हसला. "माजी, आपने तो उसकी आधी सर्दी जला दी."

तिचा अर्धा हिवाळा जाळला म्हणजे काय, ते मग त्यानं समजावून सांगितलं. इथं झाड नाही, लाकूड नाही. हिवाळ्यात नळातलं पाणीच काय, घड्यातलं पाणी दगड होतं. बायका उन्हाळाभर डोंगरात गुरांमागं फिरून शेण गोळा करतात आणि त्या साठ्यावर अख्खा हिवाळा काढतात. चिमटीनं घालतात चुलीत. गिरिजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गाडी मागं फिरवायला सांगितलं, पण रस्ता एकेरीच चालू होता. आणि फिरवून तरी काय करणार होत्या? राख परत देणार होत्या?

घरी आल्यावर राजानंद म्हणाला, "माय, तिला फोनवरनं पैसे टाकून देऊ."

"पैसे जळतेत का चुलीत?" गिरिजाबाई म्हणाल्या.

मास्तर असून त्याला हे कळत नव्हतं याचं त्यांना नवल वाटलं. उसनं जे आणलं तेच परत करायचं असतं. शेजारणीकडून सपाट वाटीनं पीठ आणलं तर शीग लावलेल्या वाटीनं पीठच द्यायचं. पिठाच्या बदल्यात साखर नेली तर ती विचारील, "काहून बाई, आमचं पीठ वाईट व्हतं का?" डोलकरच्या घरून शेण जळालं, तर डोलकरच्या घरी गोवऱ्याच गेल्या पाहिजेत. तेही थंडी सरायच्या आत. एरवी साधी सरळ बाई, पण या गोष्टीवर ती अडून बसली की बसली.

त्यात सप्टेंबरात इकडंही आभाळ फाटलं. शेतं तळी झाली, सोयाबीन उभं कुजलं, आणि गिरिजाबाईंचा हुडवा, म्हणजे रचून वरून शेणानं लिंपलेला गोवऱ्यांचा ढीग, एका रात्रीत बसला. सकाळी त्यांनी पाहिलं तर नुसता रेंदा. त्याच दिवशी मोनालीच्या फोनवर डोलकर होती. तिनं बातम्यांत मराठवाड्यातलं पाणी पाहिलं होतं. "दीदी ठीक है? बच्चा लोग ठीक है?" एवढंच विचारलं. एवढ्या लांबून, ओळख ती किती, आणि आठवण ठेवून विचारतेय. गिरिजाबाईंनी "सब ठीक" म्हटलं आणि फोन मोनालीच्या हातात देऊन त्या आत जाऊन रडल्या. गोवऱ्यांचं काही बोलायचं त्यांच्या जिभेवर आलंच नाही.

ऊन पडायला लागल्याबरोबर त्यांनी नव्यानं गोवऱ्या थापायला घेतल्या. दोन गायींच्या शेणानं काय होतंय! शेजारी मुबारकभाईंच्या म्हशी. रोज सकाळी गिरिजाबाई टोपलं घेऊन त्यांच्या गोठ्यात हजर. मुबारकभाईंची बायको जन्नतबी चार दिवस गप्प बसली, पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "बाई, इत्ता शेण कायकू लगरा तुमना?"

गिरिजाबाईंनी सगळं सांगितलं. जन्नतबी हसली नाही.

"उसना लिये तो देनाच पडता," ती म्हणाली. "मेरे बी दो टोपले डालो उसमें."

दुसऱ्या दिवसापासून दोघी शेजारी शेजारी बसून थापू लागल्या. मोनाली आधी नाक मुरडायची, मग भुसकट आणून द्यायला लागली, मग तीही बसली. कारण ती त्या देवघरात झोपली होती. डोलकरनं स्वतःच्या अंगावरची लोकरीची शाल काढून तिच्या पायांवर टाकली होती, ते तिला चांगलं आठवत होतं.

जालन्याहून पोतं परत आलं त्या दिवशी गिरिजाबाई जेवल्या नाहीत. तिकडं थंडी सुरू झाली असेल, ती बाई आपल्या पायी काकडत असेल, हे एकच त्यांच्या डोक्यात. राजानंदनं समजूत घातली, मोनालीनं घातली, कुणाची मात्रा चालली नाही. फक्त हुडवा वाढत गेला. डिसेंबरात तो माणसाच्या उंचीचा झाला. त्यांनी तो शेणामातीनं छान लिंपून घेतला आणि घरात सांगून टाकलं, "याला कुणी हात लावायचा न्हाई. हे डोलकरचं हाय."

जानेवारीत फोन आला. थंडीत त्यांच्या भागातली माणसं खाली तीर्थांना येतात. डोलकर आपल्याकडच्या लोकांबरोबर बोधगयेला आली होती. तिथून नागपूरची दीक्षाभूमी, मग अजिंठा आणि वेरूळ. वाटेत बस जालन्यावरूनच जाणार होती. "दीदी, आधा दिन रुकेगा आपके पास."

गिरिजाबाईंचा आनंद पोटात मावेना. तीच येतेय म्हटल्यावर ट्रकबिकची भानगडच मिटली. गोवऱ्या बसच्या डिक्कीत घालायच्या, झालं.

"माय, ती माणसं दिल्लीहून विमानानं जाणार," राजानंद कळवळून म्हणाला.

"मंग? विमान एवढी माणसं उचलतंय, त्याला गोवऱ्यांचं काय वझं व्हतंय?"

जेवणाची तयारी विहाराच्या अंगणात झाली. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा. चाळीस माणसांचं रांधायचं आणि सगळं गॅसवर, कारण चुलीसाठी हुडव्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जन्नतबी भाकरी थापता थापता म्हणाली की गॅसवरच्या भाकरीला काही चव नाही. गिरिजाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी बस वाटूर फाट्यावरून आत वळली. कानाला मफलर, अंगावर शाल अशा थाटात गिरिजाबाई उभ्या होत्या, कारण वाटुरात त्या दिवशी थंडी पडली होती. बसमधून लडाखी माणसं उतरली ती घामाघूम, लोकरीचे झगे काढत, वहीनं वारा घेत. डोलकर पायरीवरूनच ओरडली, "जय भीम!" आणि गिरिजाबाई खालून तिच्या भाषेत ओरडल्या, "जुले!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि आजूबाजूचं सगळं गाव हसलं.

विहारात वंदना झाली. शब्द तेच, चाल निराळी. एकदा वाटूरच्या चालीत, एकदा त्यांच्या. मग पंगत बसली. ठेच्यानं लडाखी पाहुण्यांचे कान लाल झाले तरी त्यांनी तो पुन्हा मागून घेतला. गिरिजाबाईंचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. डोलकरनं हात धुतले न धुतले तोच त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला घराच्या मागं, हुडव्यापाशी नेऊन उभं केलं. पाठोपाठ मोनाली आणि जन्नतबीही आल्या.

"ये तुम्हारा है," गिरिजाबाई म्हणाल्या.

डोलकरला कळेना. तिनं लिंपणावर हात फिरवला, वास घेतला, आणि मग तिच्या ध्यानात आलं. "गोबर?"

"हमने तुम्हारा सब जला दिया ना. थंडी का. हमको मालूम नहीं था. बाद में समझ्या." गिरिजाबाईंचं हिंदी संपत आलं, तशा त्या मराठीवर आल्या. "तुझं जळण आम्ही संपवलं गं बाई. तू एका शब्दानं बोलली न्हाईस. हे तुझं तुला."

मोनालीनं ते हिंदीत सांगितलं. डोलकर आधी मोठ्यानं हसली. हसता हसता ती थांबली आणि हुडव्याला टेकून खाली बसली.

"दीदी," ती म्हणाली, "आप लोग गया, उसके बाद दो रात और बारिश हुआ. पीछे वाला कमरा बैठ गया. पूरा छत नीचे. जो रखा था, सब कीचड़. नाला ले गया." तिनं ओंजळ रिकामी करून दाखवली. "जो आपने जलाया, बस उतना ही काम आया."

"मैं कितना बार सोचती हूँ," डोलकर म्हणाली, "अच्छा हुआ दीदी ने जलाया. सोलह आदमी गरम रहा. मेरा सास गरम रहा. मैं अकेली होती तो बचा-बचा के रखती, और सब पानी में जाता."

मग बाकीचंही तिनं सांगितलं. वरच्या डोंगरावर आता पूर्वीसारखा बर्फ साठत नाही. नाला पेरणीच्या वेळी आटतो, आणि नको तेव्हा एकदम अंगावर येतो. पाहुणे येईनासे झाले, कारण रस्त्याचा भरवसा नाही. डिसेंबरातल्या त्यांच्या नववर्षाच्या सणानंतर तिनं घराला कुलूप लावलं. सासूला घेऊन ती लेहला मुलाच्या एका खोलीत राहते, तिथं गॅसची शेगडी आहे. चूल नाही. चुलीत घालायला गोवऱ्या नेल्या तरी ठेवायच्या कुठं?

गिरिजाबाई ऐकत राहिल्या. इतके महिने ज्या घरासाठी त्यांनी शेण थापलं, ते घर बंद होतं. ओझं उतरलं म्हणावं तर छातीत दुसरंच काही येऊन बसलं होतं. ते निळं आभाळ, ती कोरडी खोली, मूर्तीपुढं ओळीनं टाकलेल्या त्या गाद्या. बरं झालं आपण वेळेत बघितलं, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल वाईटही वाटलं. त्या डोलकरशेजारी जमिनीवर बसल्या.

"हम फिर आएगा," त्या म्हणाल्या.

"कहाँ आओगी दीदी? घर तो बंद."

"जिथं तू असशील तिथं. एका खोलीत असशील तर एका खोलीत. मी काय डोंगर बघाया येतीय व्हय? तुझ्यामुळं मी माझ्या लेकराबाळांत परत आले. हे मी मरस्तोर इसरणार न्हाई."

मोनाली हे हिंदीत सांगायला लागली, पण डोलकरनं हात करून तिला थांबवलं. तिला ते पोचलं होतं.

थोड्या वेळानं गिरिजाबाई उठल्या. त्यांनी विळा घेतला आणि हुडव्याचं लिंपण फोडलं. जन्नतबीनं "अगे बाई!" म्हटलं, मोनाली बघतच राहिली. गिरिजाबाईंनी आतून खडखडीत वाळलेल्या गोवऱ्या टोपलंभर काढल्या आणि अंगणात तीन दगड मांडले. बस निघायला अजून अवकाश होता, चाळीस माणसांचा चहा व्हायचा होता. गॅसवर ठेवलेलं पातेलं त्यांनी उचलून आणायला लावलं.

"आता तुझ्या जळणावर चहा करू," त्या डोलकरला म्हणाल्या आणि काडेपेटी तिच्या हातात दिली.

डोलकर चुलीपुढं उकिडवी बसली. तिनं एका गोवरीचे दोन तुकडे केले. एक चुलीत सारला, दुसरा बाजूला ठेवला. पहिला नीट लालभडक होईपर्यंत ती बघत राहिली, मग अर्ध्यातला अर्धा मोडून आत घातला. पातेलं मोठं होतं, जाळ एवढासा. पाण्याला आधणाचं नाव नव्हतं. ती पुन्हा तुकड्याकडं हात नेऊन थांबली. एवढ्या वर्षांची सवय, ती हाताला सोडेना.

गिरिजाबाईंनी भरलेलं टोपलं पायानं तिच्याजवळ सरकवलं. "घाल गं बाई. काहून मोजून राह्यली? सगळं तुझंच हाय."

डोलकरनं टोपल्याकडं पाहिलं, मागच्या हुडव्याकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हातांनी मावतील तेवढ्या गोवऱ्या उचलल्या आणि एकदम चुलीत घातल्या.